राहून गेलेलं नाव

वडिलांना हल्ली काही लक्षात राहत नाही म्हणून मी त्यांना कोल्हापूरच्या एका दवाखान्यात नेलं होतं. गर्दीमुळे पुढच्या पेशंटला डॉक्टरांच्या खोलीतच बसवत. आमच्याआधी नेसरीकडची एक म्हातारी होती आणि तिच्याबरोबर पन्नाशीची एक बाई. ती बाई घडीघडी म्हातारीचा पदर नीट करायची, ओठांच्या कडेची लाळ आपल्याच पदराने टिपायची.

डॉक्टरांनी म्हातारीला पाच शब्द सांगून परत म्हणायला लावले. तिला पहिला आणि शेवटचा तेवढा आठवला.

“मधलेच आधी गळतात,” डॉक्टर म्हणाले. “सगळ्यांचंच तसं होतं. बरं आजी, मुलांची नावं सांगा.”

“सुरेश, मालन...” म्हातारी अडखळली. “बाळू, शोभा.”

“बरोबर?” डॉक्टरांनी त्या बाईला विचारलं.

“व्हय, बरोबर हाय.”

वडिलांना तपासून झाल्यावर बाहेर औषधांच्या खिडकीपाशी त्या दोघी दिसल्या. मी त्या बाईला विचारलं, “तुम्ही सून का त्यांच्या?”

“न्हाय ओ, लेक हाय. तिसरी.”

मी म्हटलं, “मग डॉक्टरांना सांगायचं होतं ना.”

“सांगितलं असतं तर घेतलं असतं की तिनं माझं नाव,” ती म्हणाली. “पर मी सांगितल्यावर.”

तेवढ्यात म्हातारीने तिचा हात ओढला. “बाई, मला घरला कोण नेणार?”

“मी नेतो की,” म्हणत तिने वाकून म्हातारीच्या पायात चपला सरकवल्या.

दोघी फाटकाबाहेर गेल्या. निदान मी तरी तिचं नाव विचारायला हवं होतं.