आईची शोकसभा

आमच्याकडे चितेला अग्नी दिला की घाटावरच शोकसभा होते. लोक कडुनिंबाच्या सावलीत बसतात, चारदोन जण उठून गेलेल्या माणसाबद्दल बोलतात, मग मौन, मग घरी. सेलूकडच्या आमच्या आसपासच्या गावांत बोलायचं काम कित्येक वर्षं माझ्याकडे. शाळेत मास्तर ना मी. लोकांना वाटतं, याला काय, उठला की सुरू. दर वेळी उठायची किती धास्ती वाटते, हे फक्त बायकोला ठाऊक.

मागच्या उन्हाळ्यात आई गेली. तिरडी उचलताना काका कानाशी लागले, "बोलाचं तुलेच हाय बरं. तुयासारखं कोन बोलन?"

झालं. खांद्यावर आई आणि डोक्यात भाषण. सुरुवात कुठून करू? ती पहाटे सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधून बाजारात न्यायची, तिथून? की भाव पाडून मागणाऱ्याला कशी झाडायची, ते सांगू? घाटावर लोक हसले तर? एक वाक्य जुळवलं की आधीचं निसटायचं. स्वतःचीच चीड आली. लेका, माय चालली तुयी, अन् तू वाक्यं जुळवून राह्यला. तरी डोकं थांबेना. खांदा कधी बदलला तेही कळलं नाही.

मोठ्या भावानं अग्नी दिला आणि गुडघ्यांत मान घालून तो खाली बसला. कुणीतरी माझं नाव पुकारलं. उभा राहिलो तर सांभार, बाजार, सगळं पुसलं गेलं. आईबद्दल एक तरी खरं वाक्य तोंडून निघावं, एवढंच हवं होतं. पण लोक बघत होते, आणि तोंड आपोआप चालू लागलं. कष्टाळू, मनमिळाऊ, सर्वांच्या सुखदुःखात धावून जाणाऱ्या. कधी एकदा संपतं असं झालं होतं, म्हणून भराभर बोलत सुटलो. शेवटही नेहमीचाच निघाला, भावाकडे हात करून, "त्यांच्या कुटुंबाच्या दुःखात आपण सारे सहभागी आहोत."

बाकी कुणाच्या काही लक्षात आलं नाही. भावानं मात्र मान वर केली. डोळे लालभडक.

"अन् तू कोन्त्या घरचा रे?" तो हळूच म्हणाला.

मौन दुसऱ्याच कुणी पुकारलं. मी त्याच्याजवळ मातीत बसलो आणि ढसाढसा रडलो.