शनिवारचा स्पीकर

"तोंड गोल करा. ऑ. दुखतंय का कुठे?"

मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या प्रिन्सिपल, अकरा शिक्षकांसमोर मला हे म्हणाल्या. मी तोंड गोल केलं. एम.ए., बी.एड. झालेली बाई, दाताच्या दवाखान्यात बसल्यासारखी तोंड उघडून उभी.

"आता म्हणा, डॉक्टर. ऑफिस. कॉलेज."

मी म्हटलं.

"परत."

परत म्हटलं. सगळे माना खाली घालून हसले. ज्यांना आपला नंबर लागायची भीती होती, ते जरा जास्तच हसले.

शाळा वर्ध्यातली, इंग्रजी माध्यमाची. मॅडम पुण्याहून आलेल्या. मी जिल्ह्यातल्याच नाचणगावची. आमच्या घरी डाक्टर, आफिस, कालेज. माझे बाबा पुलगावला कारकून होते. जन्मभर ते आफिसातच गेले आणि त्यांच्या उच्चारापायी एकही फाइल कधी अडली नाही.

शाळेचा एक नियम होता. शनिवारी शाळा सुटली की गैरहजर मुलांच्या घरी फोन. मॅडमच्या केबिनमध्ये, स्पीकर लावून. आम्ही बोलायचं आणि मॅडमनी समोर पेन्सिल घेऊन बसायचं. चुकलेल्या शब्दाला एक फुली. ज्याच्या फुल्या जास्त, त्यानं सोमवारी स्टाफरूममध्ये उभं राहून ते शब्द मोठ्यानं वाचायचे. मी लागोपाठ तीन सोमवार उभी राहिले. संताप व्हायचा. तो घरी जाऊन भांड्यांवर निघायचा. पण जाणार कुठे? माझी मुलगी तिथेच दुसरीत. शिक्षकांच्या मुलांना फी माफ. आणि माझी नोकरी दर एप्रिलमध्ये मॅडमच्या एका सहीवर.

मग मी शिकले. नुसती शिकले नाही, शहाणी झाले. माझ्या चौथीच्या वर्गात कुणी डाक्टर म्हटलं की त्याला उभं करायचे. "परत म्हण." पोरं हसायची. मी त्यांना गप्प करायचे नाही.

त्या शनिवारी माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी फोन लावला. वर्ध्याजवळच्या सेलूचं कुटुंब, भाजीपाला पिकवणारं. फोन वडिलांनी उचलला. मुलगी दोन दिवस का आली नाही, मी विचारलं.

"ताप हाय म्याडम तिले. डाक्टरकडे नेलं होतं. डाक्टर म्हणे, अजून दोन दिवस इस्कूलमध्ये पाठवू नोका."

मॅडमनी तोंडावर हात धरला, पण हसू फुटलंच. आणि मी? मीही हसले. मॅडमना ऐकू जाईल असं हसले. आज फुली माझ्या नावावर नव्हती ना.

तिकडे ते ऐकू गेलं. मग तो माणूस म्हणाला, "हसा म्याडम. पोरगीबी आता मले हसून राह्यली. म्हणते, बाबा, तुमी इस्कूलमध्ये येऊ नोका, तुमाले बोलता येत नाई. चांगलं शिकवता तुमी."

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. फोन बंद झाला.

माझे कान तापले. हे त्या पोरीला मी शिकवलं होतं. मॅडमनी मला वाकवलं, मी पोरीला, पोरीनं बापाला. माझी स्वतःची मुलगी सुट्टीत नाचणगावला गेली की तिच्या आजोबांना काय म्हणत असेल, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मला स्वतःची किळस आली.

"नेक्स्ट," मॅडम म्हणाल्या.

मी तोच नंबर परत लावला. स्पीकर चालूच.

"भाऊ, मंगाशी मी हासली. चुकलं माहं. डाक्टरनं काय सांगतलं, मले परत सांगा. आन् पोरगी बरी झाली की तिले घेऊन तुमीच येजा. आफिसात नाई, माह्या वर्गात."

त्यानं सगळं परत सांगितलं आणि फोन ठेवला. मॅडमची पेन्सिल थांबली. "ही कुठली भाषा?"

"माझ्या घरची."

"एप्रिलमध्ये बोलू आपण."

"बोलू."

फार शूर वगैरे झाले नाही मी. बाहेर आले तेव्हा स्कूटीची चावी लागेना. सेलूची मुलगी बुधवारी आली. तिचा बाप फाटकापर्यंत आला आणि तिथूनच परत गेला. मी धावले, तोवर तो वळणापलीकडे. एका फोननं काय होतं? मी वर्गासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "हिचे बाबा बरोबर बोलतात. चूक मी शिकवली." पोरं बघतच राहिली. ती मुलगी खाली बघत होती. अजून ती मोकळी झालेली नाही.

शनिवार अजून चुकत नाही. केबिनचं दार लागतं, पेन्सिल सुरू होते. फुल्यांच्या यादीत माझंच नाव वर. सोमवारी उभं करतात, मी उभी राहते. वाचत मात्र नाही. एप्रिल येईल. माझ्या मुलीला मग कुठल्या शाळेत घालायचं, मला ठाऊक नाही. नोकरी जायची तेव्हा जाईल. पण ती आहे तोवर माझ्या वर्गातून एकही पोर आपल्या बापाची लाज शिकून घरी जाणार नाही.