काकांचा अंगठा

दोष मोठ्या काकांचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ वगैरे ऐकवायला कुणी येऊ नये. वाजते. एका अंगठ्यानेसुद्धा वाजते!

आमच्या खानदानातले किस्से रविवारच्या खरकट्या भांड्यांसारखे साचतात. ढीग वाढतो, घासायला कुणी उठत नाही. म्हणून मी उठलो. तसाही मी रिकामाच, असं सगळे म्हणतात.

‘रविवारचं पान’ हा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप. पणजोबा दरबारात मुदपाकखान्याचे कारभारी होते, म्हणून बँकेतून रिटायर झालेल्या काकांना वाटतं, घराघरातली पानं तपासणं हा त्यांचा वंशपरंपरागत हक्क. नियम असा: रविवारी संध्याकाळी प्रत्येक घराने वाढलेल्या पानाचा फोटो टाकायचा आणि काकांचा अंगठा आला की मगच पहिला घास घ्यायचा. हसू नका. शिकलेली, पेन्शनवाली माणसं हे पाळतात!

*

एका रविवारी काकांना डुलकी लागली. तिकडे देपालपूरला आत्याकडे दाल-बाफले वाढलेले, तूप थिजत चाललेलं, आत्याचे यजमान ताटाकडे बघत बसलेले. शेवटी आत्याने काकूला फोन लावला.

"वहिनी, दादाला उठवू नकोस, झोपू दे बिचाऱ्याला. फक्त त्याचा अंगठा धर आणि मोबाइलवर दाब!"

*

याच आत्याने एकदा ऐन डिसेंबरात आमरस-पुरीचा फोटो टाकला. स्वयंपाकाचा कंटाळा, जुना फोटो, बस.

काकांनी विचारलं, "सुधा, आंबा कुठला?"

"फ्रीजमधला, दादा."

"आणि मागे कूलर चालू आहे, तो पण फ्रीजमधलाच का?"

*

आत्याची नवी सून पुण्याची. काकूच्या वरणभाताचा फोटो बघून तिने बिचारीने काळजीने लिहिलं, "मामी, भातावर शेव सांडली का हो?"

मग काकूचं उत्तर आलं.

"सांडली नाही गं. आज जरा कमी पडली."

*

आता माझं. इंजिनिअरिंग मी तिसऱ्या वर्षाला सोडलं. बाबा म्हणाले, "डिग्री घेऊन ये, नाहीतर येऊ नकोस." आणि आईला शपथ घातली: त्याला फोन करायचा नाही, त्याचा उचलायचा नाही, घरी बोलवायचं नाही. मी खोली घेतली. राजवाड्यामागे मोबाइल-कव्हरच्या दुकानात बसतो.

आई शपथ मोडत नाही. पण शपथेत ग्रुपचं नाव नव्हतं! बाबा ग्रुप उघडतच नाहीत. म्हणतात, "भाज्या काय बघायच्या?" मग आई तिथे लिहायची. सगळ्यांना, म्हणजे मला.

"आज कढीला लसूण जास्त घातलाय." आमच्या घरात कढीला जास्त लसूण फक्त मला लागतो. "गराडू तळले. थंडी आहे, स्वेटर घालत जा." आता गराडूच्या कंदाचा आणि स्वेटरचा काय संबंध, भिया!

मी फोटो मोठा करकरून बघायचो. पानाच्या मागे भिंतीला टेकून उभा केलेला माझा पाट दिसायचा. एवढी टेक्नॉलॉजी आली, पण मोबाइलमधून फोडणीचा वास अजून येत नाही.

*

एकदा मीच फोटो टाकला. कुकरमधली खिचडी, स्टीलची प्लेट, खोलीतली फरशी. मी जेवतोय हे आईला दिसावं, एवढंच.

आईचं लगेच आलं, "पापड भाजून घे रे सोबत."

त्याखाली काका: "इंजिनिअरिंग अर्धं, खिचडीही अर्धीच शिजलेली!"

सगळे वडीलधारे दात काढून हसले. पिवळे पिवळे चेहरे, एकाखाली एक. माझं डोकं सटकलं. मी लिहिलं, "काका, तुमच्या अंगठ्याची गरज नाही. जन्मात कधी स्वतःचा चहा तरी केलाय?"

काका ॲडमिन. काढलं मला ग्रुपमधून! कुणाला काढलं की खाली बारीक राखाडी अक्षरांत येतं. ते कुणी वाचत नाही, आई तर नाहीच. तिला वाटलं, मी आहे.

*

आणि हा शेवटचा. मंगळवारी सुमी दुकानात कव्हर घ्यायला आली. सुमी काकांचीच मुलगी, तरी चांगली आहे.

"कसा झाला होता रे कीस?"

"कुठला कीस?"

"असं काय करतोस? भुट्ट्याचा! रविवारी." तिने मोबाइल पुढे धरला.

आईचा मेसेज. "आज हे भोपाळला लग्नाला गेलेत, उद्या येतील. भुट्ट्याचा कीस केलाय. कढईची खरवड तशीच ठेवलीय. दार उघडं आहे."

खरवड लहानपणापासून माझी. फोटोत दोन पानं वाढलेली आणि माझा पाट मांडलेला.

खाली काकांचा अंगठा.

त्याखाली पुण्याची सून: "मामी, मीच येते!"

मग बऱ्याच वेळाने काका: "माधवी, जेवलीस का? अंगठा कधीच दिलाय मी."

आई: "थांबलेय थोडं."

काका: "अगं, कशासाठी?"

मी मोबाइल सुमीला परत दिला.

त्या रविवारी संध्याकाळी मी खोलीवर शेव-परमल, म्हणजे शेव-कुरमुरे, खाल्ले. त्यानंतर बाबा कुठल्याच लग्नाला गेलेले नाहीत.