धाकटीचे लसीचे शेअर

लम्पीची साथ आली तेव्हा मी वालूरला जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. खांद्याला बर्फाचा डबा अडकवून गोठ्यागोठ्यात लस टोचत फिरायचे. गायी-बैलांच्या अंगभर सुपारीएवढ्या गाठी, पाय सुजलेले. संध्याकाळी परभणीहून धाकट्या बहिणीचा फोन यायचा.

"ताई, लस पुरायलीय का गं?"

"कुठं पुरायलीय! लोक सकाळपासून दारात उभे राहायलेत."

तिला माझी काळजी आहे असं समजून मी सगळं सांगत बसायचे.

एका रविवारी पिंगळीला माहेरी गेले, तर आईच्या हातात सोन्याच्या नव्या पाटल्या. "धाकटीनं केल्या," म्हणत आईनं मनगट फिरवून दाखवलं. आईला पाटल्या करीन, असं मी नोकरी लागली त्या दिवशी म्हणाले होते. घर, मुलींच्या फिया, यात ते राहूनच गेलं.

बहीणही आलेली होती, पोळ्या लाटता लाटता सांगायला लागली. "जनावराच्या लसी बनवणारी कंपनी असती ना, तिचे शेअर घेतले. तू लस पुरंना म्हणलीस, तवाच. लय चढले. दुधाच्या कंपनीचे शेअर लोक भिऊन विकायलेते, ते बी स्वस्तात घेऊन ठेवलेत."

"छान केलंस," मी म्हणाले. मनात मात्र आलं, लाथा मी खाल्ल्या, शेणामुतात मी उभी राहिले आणि पंख्याखाली बसून माझ्या तोंडची बातमी हिनं विकली! आई जेवताना सारखी तिच्याच ताटाकडे बघत होती, की मलाच तसं दिसत होतं, कोण जाणे.

त्याच आठवड्यात दवाखान्यातल्या कारकुनाकडून मोबाइलवर खातं उघडून घेतलं. साठवलेल्या पैशांतून त्याच कंपनीचे शेअर घेतले. नवऱ्यालाही सांगितलं नाही. चार दिवस भाव टिकला. मग लसीकरण उरकत आलं, साथ ओसरली आणि भाव रोज खाली यायला लागला.

अशात एका विधवा म्हातारीकडे गेले. तिची एकच गाय. महिन्यापूर्वी ती उठतही नव्हती, तेव्हा मी रोज जाऊन औषध टोचत होते. आता उभी राहून कडबा खात होती.

"बाई, तुमच्या हातानं वाचली बगा," म्हातारी म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

मी गायीच्या अंगावरच्या सुकलेल्या खपल्यांकडे बघत होते, आणि मला चक्क राग आला. इतक्या लवकर का बरी झाली, असं वाटलं. दुसऱ्या क्षणी अंगावर काटा आला. चहा न घेताच मी निघाले, ती मागून हाका मारत राहिली.

दुसऱ्या दिवशी तोट्यात सगळे शेअर विकले आणि बहिणीला फोन लावला.

"तू बी घेतलेतेस?" ती चकितच झाली. "अगं, मी तर पाटल्या केल्या तवाच विकले. साथ दिसायला लागली की भाव चढतो ताई, सरायच्या आधीच उतरतो. मला इचारायचं तरी!"

"तुला इचारू?" एवढंच बोलून मी फोन ठेवला.

आठवडाभर तिचे फोन उचलले नाहीत. मग मीच केला. तिनं मुलींची चौकशी केली, माझ्या दुखऱ्या खांद्याची केली. जनावरांचं ना तिनं काही विचारलं, ना मी काही सांगितलं.