फ्यूज उडेनासा झाला

सोमाचा स्वतःच्या सावलीवरसुद्धा विश्वास नाही, असं कामतघरच्या चाळीत उगाच म्हणत नसत. दूधवाल्यानं हसून रामराम केला, तर हा घरात जाऊन आधी दुधात पाणी किती ते बघायचा. बायको जाईबाई म्हणायची, "अवो, मानसानं हसू पन नये काय?" तर हा म्हणे, "या भिवंडीत फुकट कोन हसतंय गं?"

असला माणूस कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये शिपाई म्हणून लागला आणि पोरांची कमबख्ती ओढवली. लॅबच्या दाराशी नियमांचा बोर्ड होता. ओल्या हातानं बटणाला शिवू नये, जोडणी सरांना दाखवल्याशिवाय करंट सुरू करू नये, काही बिघडलं तर ताबडतोब सांगावं, असं बरंच काही. सोमाच्या लेखी त्या सगळ्याचा अर्थ एकच, की पोरं चोर असतात. तास सुटला की हा दारात आडवा. वजनांच्या पेटीतलं बारकं वजन जागेवर दिसल्याशिवाय एकालाही बाहेर सोडत नसे.

आता खरं सांगायचं तर त्याचंही चुकत नव्हतं. बुद्धवाड्यातला माणूस. याआधी सुताला खळ लावायच्या, सायझिंगच्या कारखान्यात होता. तिथं मशीनचा एक पट्टा चोरीला गेला, तर कुणी चौकशीसुद्धा केली नाही, थेट ह्यालाच गेटबाहेर काढलं. पट्टा पुढं मुकादमाच्या भाच्याकडे सापडला. पण सोमाला परत बोलवायला कुणी आलं नाही. कॉलेजातली नोकरीही अजून कच्चीच होती. जूनमध्ये कायम करायचं की नाही, ते फिजिक्स शिकवणाऱ्या टिपणीस सरांच्या एका शब्दावर होतं. तोवर लॅबमधून टाचणी जरी गेली असती, तरी बोट कुणाकडे जाणार हे सोमाला पक्कं ठाऊक होतं.

त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, अनंता नावाचा पोरगा आला. वज्रेश्वरीकडचा शेतकऱ्याचा मुलगा. रातपाळीला लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचा आणि सकाळी तसाच कॉलेजात यायचा. केसांत कापसाची पिंज, डोळे लालभडक. सोमाच्या मनात पहिल्याच दिवशी पाल चुकचुकली. इतके लाल डोळे सरळ माणसाचे असतात होय! त्यात एकदा रुमाल काढताना अनंताच्या खिशातून तांब्याच्या तारेचा तुकडा पडला.

"ही कुठली रं?"

"लूमवरची हाय काका. खिशात ऱ्हायली."

"लूमवरची म्हनं," सोमा पुटपुटला. त्यानं लगेच कपाटातली तारेची रिळं उलटीपालटी करून पाहिली. एकही कमी नव्हतं. मग तर त्याचा संशय दुप्पट झाला. चोर चांगलाच हुशार दिसतोय, असं त्यानं धरलं. त्या दिवसापासून तो अनंतावर डोळ्यांत तेल घालून राहिला.

लॅबमधला फ्यूज तेव्हा ऊठसूट उडायचा. उडाला की तास बंद, आणि टिपणीस सर सगळ्या वर्गासमोर सोमावर डाफरायचे, जसं काही हाच तारेला फुंकर मारत होता. पण दिवाळीनंतर फ्यूज उडायचाच थांबला. सर खूष. "काय सोमा, काय जादू केलीस?" त्यांनी विचारलं. जगावर संशय घेणाऱ्या ह्या माणसाला आपल्या नशिबावर मात्र संशय आला नाही! छाती फुगवून म्हणाला, "मीच तारा नीट बसवल्या साहेब." दिवाळीपासून त्यानं फ्यूजचा खोका उघडलासुद्धा नव्हता. पण शाबासकी तोंडापर्यंत आलेली, कोण सोडतो? "जूनमध्ये तुझं काम करून टाकू," सर म्हणाले. सोमानं त्या दिवशी घरी जिलेबी नेली.

मग माघातल्या एका सकाळी कमळ नावाच्या मुलीनं घाई केली. जोडणी सरांना न दाखवताच बटण दाबलं. तारा उलट्या लागून शॉर्ट झाल्या होत्या. खरं तर त्या क्षणी फ्यूज उडून सगळं थंड व्हायला हवं होतं, पण उडाला नाही. तारेवरचं रबर वितळलं, भप्पकन धूर निघाला आणि तार बाजूला सारायला गेलेल्या कमळचा तळहात भाजला. पोरी किंचाळल्या. सरांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला, मुलीचा हात पाण्याखाली धरायला लावला आणि फ्यूजचा खोका उघडला. आत केसासारखी बारीक तार असायची, तिथं तांब्याची जाडजूड तार आवळलेली.

सर पांढरेफटक पडले. "सोमा, पोरगी मेली असती! तूच म्हणाला होतास ना, मी बसवली?"

जाड तार कुणाची हे सोमाच्या ध्यानात आलं होतं, पण सांगणार कसं? बसवली म्हणून शाबासकी यानंच घेतली होती. वर्ग त्याच्याकडे बघत होता. गेली नोकरी, त्याला वाटलं.

"सर, ती तार मी घातली." मागच्या बाकावरून अनंता उठला होता. "लूमवर आमी तसंच करतो. फ्यूज उडला का लूम थांबतं, मजुरी बुडते, म्हनून जाड तार घालतो. हितं फ्यूज उडला का तुमी काकांना बोलायचे. म्हनून काका नव्हते तवा घातली. काकांना ठाव न्हाय."

"उद्यापासून लॅबमध्ये यायचं नाही!" सर कडाडले. "प्रॅक्टिकल बंद."

म्हणजे वर्ष गेलं. अनंतानं मान खाली घातली, वही उचलली आणि तो निघाला. सोमा सुटला होता. नुसतं तोंड मिटून उभं राहायचं, बस्स. अनंता दाराशी पोचेपर्यंत सोमानं ते मिटून धरलंही.

"साहेब," तो एकदम बोलला, "खोका बघायचं काम माझं. मी दिवाळीपासून एकदा बी उघडला न्हाय. तारा बसवल्या म्हनलो ते खोटं. बघितलं असतं तर तवाच गावलं असतं."

सरांनी खोक्याचं झाकण लावलं. "मग तुला कायम कसं करायचं, सोमा?"

"नका करू. पोराचं वर्स खाऊ नका."

तसंच झालं. अनंताला ताकीद देऊन वर्गात ठेवलं, आणि सोमाचं कायम होणं लटकलं ते लटकलंच.

व्हरांड्यात सोमानं अनंताचं मनगट धरलं. "का रं बोललास? खरं सांग. आजपातूर कुठं काय बी बिघडलं का बोट माज्याकडंच यायचं. आज तू ते आपल्याकडं वळवलंस. तुला काय मिळनार व्हतं?"

"काय न्हाय, काका," अनंता गोंधळून म्हणाला. "तार मीच घातली व्हती ना."

सोमानं पोराच्या चेहऱ्यावर लबाडी शोधली. खूप शोधली. ती सापडेना, तसा तो तिथंच भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडायला लागला.