हिंगोलीच्या नालीमागून कयाधूपर्यंत

हिंगोलीला मी गेले ती फिरायला नव्हे, पाळत ठेवायला. सायलीचा दहावीचा निकाल लागला होता, अकरावीचे प्रवेश व्हायचे होते आणि मधल्या रिकाम्या दिवसांत तिला आत्याकडे जायचं होतं. एकटीला. आत्या म्हणजे माझी नणंद उषा. हिंगोलीत कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, लग्न केलेलं नाही. घरात माझ्याशी "हो", "नाही", "भूक नाही" एवढंच बोलणारी माझी पोरगी फोनवर आत्याशी खिदळायला लागली, की माझा हात पोळीवर थांबायचा. शेवटी म्हटलं, "मीही येते." सायलीचा चेहरा पडला. मी पिशवी भरायला घेतली.

जाणाऱ्यांसाठी सांगते. औरंगाबादहून जालना, मंठा, जिंतूर, औंढा असा रस्ता आहे. सकाळची एसटी पकडा, नाहीतर जिंतूरनंतरच्या खड्ड्यांत दिवस मावळतो. जिंतूरच्या स्टँडवर भजी गरम मिळतात. चांगल्या चपला मात्र घरीच ठेवा. जुलैतली तिथली काळी माती चप्पल मागून घेते, परत देत नाही. औंढ्याला उतरून नागनाथाचं दर्शन घ्यायचं माझ्या मनात होतं. सायली म्हणाली, "आत्या स्टँडवर वाट बघत असेल." आम्ही उतरलो नाही.

उषा खरंच उभी होती. सायली बस पुरती थांबायच्या आत उतरली आणि तिच्या गळ्यात पडली. दोन्ही पिशव्या घेऊन मागून मी.

रात्री ज्वारीची भाकरी, पिठलं आणि हिरव्या मिरचीचा ठेचा होता. भाकरी सायलीनं थापली होती. माझ्या स्वयंपाकघरात कधी पीठसुद्धा चाळत नाही ही मुलगी. "छान झालीये," मी म्हटलं. ती म्हणाली, "आत्यानं मागच्या दिवाळीत शिकवली." 

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. बाकीचं गाव आडोशाला पळत होतं आणि या दोघी बाटल्या, पांढरं एनॅमलचं ताट आणि स्टीलची बारीक चाळणी घेऊन, पावसाबरोबर वाहून जाणारं बारीक प्लास्टिक धरायला बाहेर पडल्या. मीही छत्री घेऊन निघाले. हिंगोलीत आलेला पाहुणा काय पाहतो ते मला ठाऊक नाही. मी नाल्या पाहिल्या. आठवडी बाजाराची नाली, स्टँडमागची नाली आणि मोंढ्याची, म्हणजे धान्यबाजाराची, सगळ्यांत मोठी नाली. मोंढ्यात हळदीची पोती रचलेली असतात, पण पोतं आता तागाचं कुठं राहिलंय? सगळी प्लास्टिकची विणलेली. उन्हानं त्यांचे धागे ठिसूळ होतात, हमालांच्या आकड्यांनी उसवतात, पायांखाली चुरा होतात. मग पाऊस येतो आणि अख्खं आवार धुऊन नालीत ओततो.

"आत्या, आता भरू?" सायली विचारत होती.

"थांब जरा. पहिला लोंढा सगळ्यांत जास्त आणतो. हां, आता."

पत्र्याखाली उभा असलेला एक हमाल ओरडला, "मॅडम, रोज नालीत काय धुंडून राहिलात? सोनं हाय का?"

"सोनं असतं तर तुमी माझ्यासाठी ठेवलं असतं व्हय?" उषा ओरडली. सगळे हसले. सायली सगळ्यांत मोठ्यानं हसली. गुडघ्यापर्यंत चिखल, वेणी गळतेय, आणि इतकी सुंदर दिसत होती की मला रडू आलं. माझ्यासमोर ती अशी कधी हसली, आठवेना. छत्री मी त्या दोघींवर धरली होती. मागं माझी पाठ भिजत होती, ते कुणी पाहिलं नाही.

तिसरा दिवस कयाधूचा. कयाधू हिंगोलीच्या कडेनं वाहते आणि शहरातल्या नाल्या तिच्यातच सुटतात. गावाच्या वर एक बाटली भरली, नाल्या मिळतात तिथं एक, आणि मग "खालच्या अंगाला किती जातंय ते बघू" म्हणून काळीपिवळीनं कळमनुरीवरून आखाडा बाळापूरच्या बाजूला निघालो. जीपमध्ये माणसं कोंबतात. पुढची सीट हवी असेल तर आधीच ड्रायव्हरशी बोला. नदीकाठच्या एका गावाच्या फाट्यावर उतरून चिखलातून चाललो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळदीचे हिरवेगार कोंब होते. एवढं सुंदर काही बघितलं की मी एरवी सायलीला हाक मारते. ती पुढं होती, आत्याबरोबर.

काठावर गयाबाई नावाची बाई म्हशी पाण्यावर घेऊन आली होती. सायलीनं पाणी गाळलं, चाळणीत राहिलेलं ताटात धुऊन घेतलं आणि ताट तिच्यापुढं धरलं. पाणी गढूळ, पण त्यात वेगळं असं काही दिसत नव्हतं.

"काय हाय यात? मला तर कायबी दिसून न्हाई राहिलं," गयाबाई म्हणाली.

"घाई करू नका. गाळ खाली बसू द्या," सायली म्हणाली. अगदी उषाच्या आवाजात. मग तिनं भिंग दिलं. "हे पिवळट केस दिसतात? पोत्याचे धागे आहेत. हा चमचमता कण गुटख्याच्या पुडीचा. हा काळा टायरचा असेल, पण ते मला नक्की सांगता येत नाही."

"हिंगोलीचं हाय हे सारं?"

"थोडं हिंगोलीचं, थोडं रस्त्यावरच्या गावांचं. पावसाबरोबर येतं."

"मासे खातेत का ह्ये?"

"खात असतील. त्यानं त्यांना काय होतं, ते अजून नीट कळलेलं नाही."

चार माणसांत तोंड न उघडणारी माझी मुलगी. मी ऐकत राहिले. गयाबाईनं भिंग परत दिलं आणि उषाकडं बघून म्हणाली, "लेक बराबर तुमच्यावर गेली, मॅडम."

उषा बाटलीचं झाकण घट्ट करत राहिली.

"माझी आहे," मी म्हणाले. आवाज चढलाच. एका म्हशीनं मान वळवून पाहिलं.

परतीची जीप मिळेना, म्हणून उलट्या दिशेनं वारंगा फाट्यापर्यंत गेलो. तिथं ट्रकवाल्यांचं चहाचं हॉटेल आहे, चहा गोड आणि घट्ट. ट्रकांच्या आवाजात सायली म्हणाली, "आई, मला अकरावीला इथंच राहायचंय. आत्याकडे."

मी तिच्याकडं पाहिलंच नाही. उषाला म्हटलं, "हेच चाललं होतं ना तुझं? इतके महिने फोनवर?"

"वहिनी, मी तिला एकदाही ये म्हटलं नाही."

"नको म्हटलंस?"

उषानं कप खाली ठेवला. "तेही नाही म्हटलं. मला ती हवी आहे, ते खोटं कशाला बोलू? पण तुम्हाला न विचारता मी तिला ठेवणार नाही."

खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

संध्याकाळी उषाच्या टेबलावर स्पिरिटचा दिवा पेटला. सुई तापवून धाग्याला लावायची. वनस्पतीचा धागा नुसता करपतो, प्लास्टिकचा आक्रसतो, वितळतो. सायली खुर्चीतून उठली, मला म्हणाली, "ये ना आई, तू लाव." माझा हात तिनं धरला. भिंगाखाली तो पिवळट धागा एकदम आखडला आणि त्याचा बारीक मणी झाला. "बघितलंस?" ती म्हणाली. तिचा गाल माझ्या गालाला लागला होता. मी बघत होते ते वेगळंच. हा आनंद मी तिला घरी देऊ शकले नव्हते, आणि हिंगोलीतून ओढून नेला तर तो औरंगाबादेत येणार नव्हता.

सकाळी मी उषाला म्हटलं, "कॉलेजचा फॉर्म आण." तिनं माझे दोन्ही हात धरले. मी सोडवून घेतले. मन मोठं झालं वगैरे काही नव्हतं. होकार दिला, तोही दात आवळून.

परतीच्या एसटीत शेजारची सीट रिकामी होती. औंढ्याला उतरून दर्शन घेतलं. देवळाचं कोरीव काम बघण्यासारखं आहे, नक्की बघा. मला त्यातलं काही आठवत नाही.

आता सायली दर रविवारी फोन करते. पूर्वीपेक्षा पुष्कळ बोलते, हे कबूल करायला हवं. पण दर तिसरं वाक्य "आत्या म्हणते" असं सुरू होतं. मागच्या रविवारी तिनं विचारलं, "आई, आपल्या कॉलनीतलं पावसाचं पाणी कुठं जातं गं?" इतकी वर्षं तिथं राहून मला सांगता आलं नाही. "बघते," म्हणाले.

काल दुपारी जोराचा पाऊस झाला. सायलीचे बाबा "कुठं निघालीस?" म्हणेपर्यंत मी जुनी चप्पल घालून गेटबाहेर होते. कॉलनीमागची नाली, गॅरेजांच्या रांगेमागून, दोन ठिकाणी झाकलेली, पुढं मोठ्या नाल्याला मिळालेली. शेवटपर्यंत गेले. तो खाम नदीत पडतो. पहिल्या लोंढ्याची बाटली भरून आणली. ती ओट्यावर ठेवलीय, गाळ खाली बसतोय. रविवारी फोन आला की सायलीला काही बोलू देणार नाही, आधी मी सांगणार आहे.

हा नाला उषानं पाहिलेला नाही.