कापसाच्या ढिगात बसलेलं बाळ

मैत्रिणींनो, आज सकाळी धाकट्या सुनेबरोबर नातीला जळगावात डॉक्टरांकडे नेलं होतं. "अजून बसत नाही? या वयात बसायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले आणि सुनेचा चेहराच उतरला.

मला सत्तर सालच्या आसपासचं आमचं धुळ्याजवळचं घर आठवलं. नर्सबाई घरी आल्या की माझ्या थोरल्या मुलाला बघून हेच म्हणायच्या. जाऊबाईंचा मुलगा त्याच्याच वयाचा, पण तो पुढच्या खोलीतल्या कापसाच्या ढिगात राजासारखा बसायचा. "देख, मना सोन्या कसा बठना शे!" जाऊबाई मुद्दाम मला ऐकवायच्या. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मग कापूस गाडीत भरून बाजारात गेला. खोली रिकामी झाली आणि सोन्या बसवला की कलंडायला लागला! त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली.

आज दवाखान्यात समोरच्या बाईचं नातीएवढंच बाळ बाकावर ताठ बसलं होतं. सून टक लावून बघत होती. मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठले आणि त्याच्या मागून जाऊन आले. आईचा हात असेल, निदान उशी तरी असेल.

काही नव्हतं. मेलं खरंच बसलं होतं!

खरं सांगा, तुम्हीही असं मागून जाऊन बघता ना?